सगळे हरिदास

पडद्यावर दोन रकाने. आत. बाहेर. निरोगी सर्व्हरवर दोन्हींत शून्य असतं. आज नव्हतं, आणि आकडे चढतच होते.

दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नयननं खुर्ची पुढे ओढली.

मशीनची मेमरी म्हणजे ओटा. ओट्यावर जागा उरली नाही की काही भांडी मागच्या खोलीत जातात, लागली की परत येतात. ती मागची खोली म्हणजे स्वॅप. गेल्या पोळ्याला दवाखान्याचा सर्व्हर बंद पडला, तेव्हा नयननं ती खोली मोठी करून दिली. मशीन पुन्हा पडलं नाही. मालकांनी पाठ थोपटली. ओटा तेवढाच आहे का, हे कोणी विचारलं नाही.

बाहेर.

आत.

बाहेर.

आता मशीन नुसती भांडी वाहत होतं. चूल थंड.

फोन वाजला. ऑपरेशन थिएटरच्या उज्वला सिस्टर.

"नयनभाऊ, सरिताबाईचा रक्त जुळवल्याचा क्रॉसमॅच रिपोर्ट उघडून नाई राह्यला. बाळंतीण आहे, रक्त थांबत नाई. अन् तिले कोणतीबी पिशवी नाई चालत."

"लॅबले विचारा ना, कोणती जुळली."

"विचारलं. लॅबवाला म्हणते, पिशवीचा नंबर भरला तं पडदा पांढरा झाला, सेव्ह नाई होऊन राह्यला. आज इतक्या पिशव्या पाह्यल्या, आठवणीनं तोंडी सांगाले तयार नाई. नवीन टेस्ट लावतो म्हणते, पण वेळ लागन. लावाले सांगू का?"

"नका सांगू. मी काढून देतो."

बाहेर.

नयन लॅपटॉप घेऊन रेकॉर्डरूममध्ये गेला. तिथला कारकून हरिदास कपाळाला हात लावून बसला होता. भरती असलेल्या प्रत्येकाची फाईल तो रोज सकाळी कॉम्प्युटरवर उघडून ठेवायचा. राउंडच्या वेळी डॉक्टरांना ताटकळावं लागू नये, एवढीच इच्छा.

"हरिदासभाऊ, बंद करा सगळ्या."

"करून राह्यलो ना बापा. बंद कर म्हणतो तं पयले उघडून दाखवते."

खरं होतं ते. बंद व्हायचं तरी फाईल आधी मागच्या खोलीतून ओट्यावर यायची. आवरण्यानंच पसारा वाढत होता.

आत. आत. आत.

मग बंद नाही करायचं. मारायचं, म्हणजे त्या माणसाचं कनेक्शनच तोडायचं. मेलेल्याला परत ओट्यावर आणावं लागत नाही. नयननं पाहिलं, कोण कोण मशीनवर बसलंय.

हरिदास
हरिदास
हरिदास
हरिदास

खाली, अजून खाली, तळापर्यंत.

"भाऊ, हे सगळे तुम्हीच?"

"मी एकटा कसा असन? माह्या पासवर्डनं सगळं दिसते, म्हणून सगळ्यायनंच घेतला. लॅबवाल्यानं, सिस्टरनं, मेडिकलवाल्यानं. नाई म्हटलं तं म्हणते, हरिदास माजला."

यातला एक हरिदास लॅबमध्ये होता. जुळलेल्या पिशवीचा नंबर त्याच्याच पोटात; तो मेला की नंबरही गेला. कोणता? एरवी जो बराच वेळ हलला नाही, तो मारायचा. पण गुदमरलेल्या मशीनवर कोणीच हलत नव्हतं.

अजूनही सिस्टरांना फोन करता आला असता. लावा म्हणा नवीन टेस्ट. नयननं फोनकडे पाहिलं, आणि पहिला हरिदास मारला.

आकडा जरा उतरला.

दुसरा. तिसरा. बाहेरचा रकाना शून्यावर आला. आता एकच, मग मोकळं. चौथा.

आत: शून्य.
बाहेर: शून्य.

सरिताची फाईल टिचकीसरशी उघडली. पिशवीच्या नंबरची चौकट कोरी होती.

फोन.

"लॅबवाल्याचा पडदाच गेला म्हणते. तू काय केलं?"

नयननं कोरी चौकट पुन्हा उघडून पाहिली.

"मघाशीच टेस्ट लावली असती," सिस्टर म्हणाल्या, "तं आता झाली असती." आणि फोन ठेवला.

तो जिना उतरून थिएटरच्या दाराशी आला. आत येरझारा चालल्या होत्या, आवाज कोणाचाच नव्हता. बाकावर एक माणूस बसला होता, मांडीवर नव्या बाळाचं दुपटं. रोहणा गावचा राकेश, सरिताचा नवरा. त्यानं सरकून जागा दिली.

"डॉक्टर आहा का तुम्ही?"

"नाई. कॉम्प्युटर पाहतो."

"मग तुमचं काय काम इथं?" राकेशनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "एवढे काऊन घामेजून राह्यले?"