बकुळाच्या पाटाची अर्धी साक्ष

मी एक जुना पाट आहे, मित्रांनो. फणसाच्या लाकडाचा, चार बोटं उंच, कडेला पितळी फुलं ठोकलेला. त्यातली दोन फुलं केव्हाच पडली. बसणाऱ्याचं वजन मला कळतं आणि त्याचं दुखणंही कळतं, पण तोंड नसल्यामुळे एकदा मोठा घोटाळा झाला.

कणकवलीजवळच्या एका सुताराने मला बकुळाच्या रुखवतासाठी केलं. तिच्याबरोबर मी लालबागच्या चाळीत आलो. तिचा नवरा राजाराम गिरणीत होता, बोलणं कमी आणि खोकणं जास्त. निलेश आणि दर्शना या दोन्ही मुलांचं उष्टावण माझ्यावर झालं. पाहुणा आला की बकुळा मला पुढे सरकवायची आणि म्हणायची, "बसा, माझ्या माहेरचा आहे." तेव्हा मी फुगून जात असे. पुढे घरात टेबल आलं आणि मी पोटमाळ्यावर गेलो. फक्त नारळ खवायला बसताना बकुळा मला खाली काढायची.

तीन वर्षांपूर्वी ती भायखळ्याच्या बाजारातून भाजी घेऊन फुटपाथवर उभी होती. वळणारी एक मोटार थेट फुटपाथवर चढली. बकुळाच्या खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी आणि स्क्रू घालावे लागले. काही महिन्यांनी ती काठीने चालू लागली, पण जमिनीवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. चालते म्हणजे बरी झाली, असं घरच्यांनी धरून टाकलं. कुणी विचारलं तर तीही "बरं आहे" म्हणायची. राजाराम तर एकदा शेजाऱ्याला म्हणाला की हाड केव्हाच जुळलं, आता कण्हायची सवय लागली आहे. बकुळा आत चहा गाळत होती. तिने ते ऐकलं आणि त्यालाच पहिला कप नेऊन दिला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

नुकसानभरपाईचा दावा अनुजाताई नावाच्या वकिलांनी लावला. हॉस्पिटलची बिलं फाईलला लागली. "काकू, यातनेचं बिल नसतं," त्या म्हणाल्या. "रोज काय दुखतं ते वहीत लिहून ठेवा." बकुळाने वही आणली, पहिल्या पानावर श्री लिहिला आणि पुढे काही लिहिलंच नाही. स्वतःच्या दुखण्याचं काय कौतुक लिहायचं, असं तिला वाटलं.

मग निलेशचं लग्न ठरलं. लग्नाआधी घरी देवक बसवताना आईवडिलांनी पाटावर बसायचं असतं. दर्शनाने खुर्ची आणली. "देव खाली आणि मी वर?" बकुळा म्हणाली. "माझ्या लेकाचं देवक आहे." राजारामने आदल्या दिवशी मला पॉलिश केलं होतं, ते अजून कच्चंच होतं. पाऊण तास ती माझ्यावर बसली. वर ती हसत होती. खाली, पदराआड, तिचा डावा हात माझ्या कडेखाली शिरला आणि तिने मला घट्ट धरलं, इतकं की मी घाबरलो. फोटोवाल्याने "काकू, इकडे बघा" म्हटलं, तेव्हा ती आणखी हसली. पाहुणे जेवायला गेल्यावर दर्शना आणि शेजारच्या कमलाबाईंनी तिला काखेत धरून उठवलं. राजाराम तेव्हा बाहेर सरबत वाटत होता. निलेशला सांगायचं नाही, अशी तिने दर्शनाला शपथ घातली.

निलेशने हौसेने फोटो फेसबुकवर टाकला. तोच फोटो विमा कंपनीच्या वकिलाने सुनावणीत पुढे केला. पुढचं मी दर्शनाकडून ऐकलं, घरी येऊन ती कमलाबाईंना सांगत होती. त्या वकिलाने विचारलं, फोटोतल्या या तुम्हीच का? हो. किती वेळ बसलात? पाऊण तास. आता तब्येत कशी आहे? बकुळाने हात जोडले आणि म्हणाली, "बरं आहे, साहेब." मग अनुजाताईंनी विचारलं, उठलात कशा? बकुळा गप्प राहिली. मागच्या बाकावर निलेश बसला होता. आपल्या देवकापायी आईला त्रास झाला, हे त्याच्या कानावर पडू नये एवढंच तिला वाटत होतं.

निकालात उपचारांचा खर्च मिळाला. यातनेपोटी मात्र अगदी थोडकं मिळालं, कारण अर्जदार बाई पाऊण तास पाटावर बसू शकतात, असं त्यात लिहिलं होतं. मित्रांनो, त्यात माझं नाव होतं. जिला जन्मभर टेकायला जागा दिली, तिच्याच विरुद्ध माझी साक्ष धरली गेली, आणि तीही अर्धीच. अनुजाताई अपील करू म्हणाल्या. बकुळा म्हणाली, नको, बरं आहे.

गणपतीच्या आधी राजारामने मला नळाखाली धुवायला नेलं. कडेखालून फडकं फिरवताना त्याचं बोट अडलं. त्याने मला उलटं केलं. पॉलिशमध्ये चार नखांच्या खुणा होत्या, चांगल्या खोल. त्याने आपली बोटं त्यांत ठेवून पाहिली. ती बसली नाहीत, खुणा लहान हाताच्या होत्या. तो हात शेजारी बसलेल्या राजारामला त्या दिवशी दिसला नव्हता. नळ तसाच वाहत राहिला.

मग तो मला घेऊन स्वयंपाकघरात आला. बकुळा खुर्चीवर बसून अळू निवडत होती. दोघं आपसात मालवणीच बोलतात.

"दुखता काय गो?" त्याने विचारलं.

"बरा आसा."

एरवी तो एवढ्यावर निघून गेला असता. आज त्याने मला तिच्या पायाशी ठेवलं, माझ्यावर बसला आणि पुन्हा विचारलं, "देवकाच्या दिवशी किती दुखला?"

बकुळाचे हात थांबले. "जीव जातलो असा वाटला," ती म्हणाली, आणि तीन वर्षांचं रडू एकदम आलं. राजारामने तिच्या पावलांवर हात ठेवला. तो किती थरथरत होता, ते फक्त मला कळलं.

मित्रांनो, पाट पुसून कोरडा ठेवा, वाळवी लागू देऊ नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं निराळं आहे. घरातलं कुणी "बरं आहे" म्हणालं तर लगेच उठून जाऊ नका. जरा टेका आणि पुन्हा एकदा विचारा. बसायला मी आहेच.