बटण

मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर सोडवली, ती सीटखाली वळवून ठेवली, मग चष्मा कपाळावरून नाकावर आणून हँडलवरच्या लाल बटणाकडे निरखून पाहिलं.

"आधी हे काढू. जुन्या गाडीच्या तोंडावर हेच डोळ्यात खुपतं."

"काढा," तो म्हणाला.

रविवार होता. गॅरेज खरं तर बंद. मिस्त्रींनी शटर निम्मंच वर केलं होतं, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत होते. संध्याकाळी चारला दातांचे डॉक्टर विकत घेतलेली गाडी न्यायला येणार होते. या डॉक्टरांना जुन्या मोटरसायकली जमवण्याचा नाद होता, आणि गाडी जशी कारखान्यातून बाहेर पडली तशीच त्यांना हवी होती. नकली दात त्यांना माणसांच्या तोंडात चालत, गाडीला बाहेरची एक कडीही चालत नसे. तेव्हा बटणाने गाडी चालू करणारा सेल्फ काढायचा, त्याच्या जागी पट्टी बसवायची आणि गाडी पुन्हा नुसत्या किकवर आणायची, असं ठरलं होतं. सहा वर्षांपूर्वी सेल्फ याच मिस्त्रींनी लावला होता.

बटण हातात आलं. मिस्त्रींनी ते उजेडात धरलं.

"लाल रंग मधोमध उडालाय बघ. गुळगुळीत झालंय."

"बाबा गाडी पुसायचे ना रोज. पुसून पुसून झालं असेल."

"असेल," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी ते बटण टेबलावर ठेवलं.

त्यांची एक पद्धत होती. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते आधी इंजिनाच्या झाकणाचा आकार काढत आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खुपसून ठेवत. कामाला बसले की तोंडाला कुलूप. त्याला ते बरंच वाटलं. गेला सव्वा महिना लोक त्याच्याशी फार बोलले होते.

वडील गेल्यापासून त्याला काही वाटत नव्हतं. म्हणजे भूक लागत होती, झोप येत होती, ऑफिसात घरांचे नकाशे काढताना रेघ सरळ येत होती. पण मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय जसा आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा वाटतो, तसं सगळं चाललं होतं. बायको दोनदा म्हणाली होती, "एकदा मोकळे व्हा हो." तो "हो" म्हणाला होता. आता मोकळं व्हायचं म्हणजे नेमकं कुठला बोल्ट सोडवायचा, हे काही तिनेही सांगितलं नव्हतं.

वडील गाडीपाशीच गेले. मंगळवारी सकाळी, अंगणात. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला बाहेर आल्या तेव्हा गाडी स्टँडवर होती, किकचा दांडा बाहेर ओढलेला होता आणि वडील तिच्या उजव्या अंगाला पडले होते. एक चप्पल पायात, एक दूर. पुढे कुणी डॉक्टरने सांगायची गरजच राहिली नाही. किक मारता मारता गेले, असं सगळे म्हणाले. भेटायला येणारा प्रत्येक जण हे एकदा म्हणायचा, आणि त्यावर याचं उत्तर ठरलेलं असायचं: "बटण लावून दिलं होतं मी. एकदाही दाबलं नाही त्यांनी." मग समोरचा मान हलवायचा, "हट्ट नडला," म्हणायचा, आणि चहा घेऊन जायचा. या एका वाक्यावर त्याचा महिना निघाला होता. नाहीतर एवढ्या माणसांपुढे त्याने बोलायचं तरी काय?

आणि वाक्य खोटं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत कळ येऊन गेली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं: जिने हळू चढा, आणि त्या गाडीला किक मारणं बंद. वडिलांनी यातलं जिन्यांचं तेवढं ऐकलं. गाडी सोडा म्हणायची तर कुणाची छाती नव्हती. म्हणून त्याने त्यांना न विचारता गाडी मिस्त्रींकडे आणली, चार दिवस रजा काढून शेजारी उभा राहिला आणि सेल्फ लावून घेतला. गाडी दारात आल्यावर वडील तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"काय रे," ते म्हणाले, "गाडीच्या हातात काठी दिलीस होय?"

बस. त्यानंतर सेल्फ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. बोलायची वेळ आलीच तर म्हणायचे, "ते तुझं बटण." तो सुट्टीला घरी आला की मुद्दाम त्याच्यादेखत गाडी काढायचे. मीटरचा काटा मध्यावर आणायचे, इंजिनातला दाब सोडणारा लिव्हर दाबायचे, एक श्वास घ्यायचे आणि एकाच किकमध्ये गाडी चालू. मग त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मोडेन पण वाकणार नाही, हे त्यांना कुणी शिकवायला लागलं नव्हतं. तो मात्र दर वेळी आत जाऊन उगाच पाणी प्यायचा.

"फडकं दे रे एखादं," मिस्त्री म्हणाले. "माझं पार तेलकट झालं."

तो पिशवीत फडकं शोधू लागला. फडक्याच्या आधी हाताला एक पुठ्ठ्याचा तुकडा लागला. त्यावर शर्टाची पांढरी बटणं ओळीने टाचलेली होती, आणि मागच्या बाजूला दोऱ्याचं छोटं रीळ आणि सुई. वडिलांसाठी घेतलेली, द्यायची राहून गेली. त्याने तो तुकडा परत आत सरकवला आणि फडकं दिलं.

"तुझी आई असती तर," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "तिने दाबायला लावलं असतं त्यांना."

"आईचं तरी कुठे ऐकायचे?"

"तेही खरंच."

आईला मात्र वडील पुरते कळत. यांचं कायमचं ताकाला जाऊन भांडं लपवणं, असं ती म्हणायची. चहा हवा असला की विचारायचे, "दूध नासलं नाही ना गं?" तो दोन दिवसांसाठी आला आणि त्याने आणखी एक दिवस राहावं असं वाटलं, की सांगायचे, "उद्याची बस म्हणे फार भरून येते." आई हसून चहा टाकायची, त्याची बॅग सोडायची. आई गेल्यावर वडिलांचं बोलणं समजावून सांगणारं घरात कुणी राहिलं नाही.

मोटर निघाली. मुठीत जेमतेम मावेल एवढं नळकांडं. मिस्त्रींनी ते तळहातावर तोललं.

"डॉक्टरांना विचार, हा वेगळा हवाय का. त्यांच्याकडे नव्या गाड्याही आहेत."

"विचारलंय कालच. नवाकोरा आहे म्हणून सांगितलंय. एकदाही वापरलेला नाही, तर घेतो म्हणाले."

"मग उघडून पुसून देतो. सहा वर्षं बसून गंज धरला असेल."

त्यांनी मागचे दोन स्क्रू काढले, झाकण ओढलं, आणि टेबलावर काळीभोर पूड सांडली. काजळासारखी बारीक. मिस्त्रींचा हात थांबला. त्यांनी नळकांडं तिरकं करून आत पाहिलं, चिमट्याने काहीतरी बाहेर काढलं आणि पुठ्ठ्यावर ठेवलं. मसुरीच्या डाळीएवढे दोन काळे तुकडे.

"कार्बन. मोटरला करंट हेच देतात," ते म्हणाले. मग ड्रॉवर उघडून त्यांनी नवीन जोडी काढली आणि शेजारी ठेवली. ती बोटाच्या पेराएवढी होती. "लावले तेव्हा एवढे होते."

तो बघत राहिला.

"हे बसून झिजत नाहीत," मिस्त्री म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "मोटर फिरली तरच झिजतात. एवढे झिजायला रोज दोनदा-तीनदा दाबायला लागतं. वर्षानुवर्षं."

"माझ्यासमोर किकच मारायचे."

"माझ्यासमोरही. इथं आले की म्हणायचे, पोराचं खेळणं आहे ते, असू दे." मिस्त्रींनी काळी पूड बोटाने एका जागी ओढली. "तू नसताना दाबत असणार. मीही नसताना."

बाहेर शटरखालून दोन पाय आले, थांबले, बंद आहे हे बघून निघून गेले.

"कार्बन असा संपला," मिस्त्री म्हणाले, "की बटण दाबलं तरी नुसतं टक वाजतं. मोटर हलत नाही. मग..." ते थांबले. मग काय, ते दोघांनाही माहीत होतं. "इथं आणायची होती ना गाडी. दहा मिनिटांचं काम. पण इथं आणायची म्हणजे मला सांगायला लागलं असतं." त्यांनी मान वर केली. "तुला नाही काही बोलले? फोनवर वगैरे?"

त्याने काळ्या तुकड्यांपैकी एक उचलला आणि परत ठेवला.

"बोलले होते."

"काय?"

"बटण गेलंय म्हणाले. रविवारी आलास तर बघ."

"मग?"

"मी म्हटलं या रविवारी नाही जमणार, पुढच्या येतो. बघ, घाई नाही म्हणाले." त्याने पिशवीत हात घातला आणि तो पुठ्ठ्याचा तुकडा टेबलावर काळ्या पुडीशेजारी ठेवला. "मी शर्टाची बटणं घेतली. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता ना, म्हटलं आपणच लावून देऊ."

मिस्त्रींच्या ओठांचा कोपरा क्षणभर हलला. माणूस हसू की नको या पेचात पडतो तसा. मग त्यांनी चष्मा काढला आणि तेलकट फडक्यानेच पुसायला घेतला.

आता रडू येईल, असं त्याला वाटलं. वाट पाहिली. आलं नाही. फक्त ती बटणं फार पांढरी दिसत होती, आणि आपण ती घेताना दुकानात चार भोकांची की दोन भोकांची यावर उगाच पाच मिनिटं घालवली होती, हे त्याला आठवलं.

फोन वाजला. डॉक्टर होते. निघतोच आहे म्हणाले, चारच्या आधीच पोचतो. आणि तो सेल्फ बांधून ठेवलाय ना? वडिलांनी अजिबात वापरलेला नाही, हो ना?

त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री चष्मा पुसतच होते.

"वापरलेला आहे," तो म्हणाला. "रोज वापरायचे."

पलीकडून काहीतरी नाराजीचं आलं. काल तर तुम्हीच म्हणालात, वगैरे.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

डॉक्टर म्हणाले, मग राहू द्या, गाडी तेवढी न्यायला येतो. त्याने फोन खिशात ठेवला.

"मग हा भंगारात टाकू?" मिस्त्रींनी विचारलं.

"नवे कार्बन लावा."

"अरे, गाडीवरून काढलेल्या सेल्फला? कुठे बसवणार आहेस?"

त्याने नवी जोडी उचलून मिस्त्रींपुढे सरकवली. मिस्त्रींनी आणखी विचारलं नाही. त्यांनी पूड फुंकून टाकली, नळकांडं आतून पुसलं, नवी जोडी स्प्रिंगखाली बसवली, झाकण आवळलं. खरंच दहा मिनिटं लागली. मग बॅटरी टेबलावर चढवली, वायरी जोडल्या आणि ते लाल बटण वायरीच्या टोकाला लावून त्याच्या हातात दिलं.

"घे. दाब."

रंग उडालेल्या जागी एक उथळ खळगा पडला होता. त्याचा अंगठा त्यात नीट बसला. त्याने दाबलं. मोटर एकदम घरघरली, टेबलावरचे स्क्रू थरथरले. अंगठा उचलला, थांबली. त्याने पुन्हा दाबलं.

"झालं काम," मिस्त्री म्हणाले. "पण आता याचा उपयोग काय, सांग."

"काही नाही," तो म्हणाला. "रविवारी बघ म्हणाले होते."