मी बिघडत नाही, हाच माझा गुन्हा

मी घड्याळजींच्या दुकानातला कॉम्प्युटर बोलतोय. वय अकरा वर्षं. या वयात आमचे भाऊबंद भंगारात निवांत पडलेले असतात आणि मी अजून सकाळी दहाच्या ठोक्याला कामावर हजर असतो. ही बढाई नाही. सगळं संकट याच्यामुळेच आलंय.

मला बनवणाऱ्या कंपनीत तेव्हा कुणी भला इंजिनियर होता. त्याने मला तळाशी चौदा स्क्रू दिले, कुणालाही उघडता येतील असे. घड्याळजींनी मला आणल्याच्या दुसऱ्या दिवशी पालथं घालून ते सगळे काढले, भिंग लावून आत पाहिलं, आणि इतके खूश झाले की म्हातारपणासाठी ठेवलेल्या रकमेचे त्याच कंपनीचे शेअर घेऊन बसले. आता म्हातारपण आलंय, त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, गुडघा बदलायचाय, आणि शेअर रोज पडतोय.

दुपारी जेवणं झाली की माझ्यासमोर बैठक बसते. घड्याळजी, त्यांचा मेहुणा आणि शेजारचे निवृत्त कॅशियर. तिघांचेही शेअर, तिघांचेही चेहरे पडलेले.

"भाऊजी, कंपनीने फोन काढायला हवेत," मेहुणा म्हणतो. तो विमा विकतो. स्वतःचा धंदा सोडून बाकी सगळे धंदे त्याला कळतात.

"फोन राहू दे, आधी रंग बदला म्हणावं," कॅशियर म्हणतात. "काळा डबा हल्ली कोण घेतो?"

मी काळाच आहे. पण ऐकून घेतलं.

"माल चांगला आहे हो, लोकांना कदर नाही," घड्याळजी म्हणतात.

एकदा काकू काठी टेकत चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. "तुम्ही तिघांनी मिळून या कंपनीचे किती कॉम्प्युटर घेतलेत?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. एकच, म्हणजे मी. कॅशियरांचा त्यांच्या भावाने टाकून दिलेला, मेहुण्याचा कॅशियरांनी टाकून दिलेला. दोन्ही घड्याळजींनी चिमटा हाती धरून जिवंत केलेले.

"आणि गल्लीतले नऊ कुणी फुकटात दुरुस्त करून दिले? अहो, तुम्ही जुना मरू देत नाही, मग नवा खपणार कसा?"

घड्याळजींचा चहा निवला. अकरा वर्षं आपलाच शेअर आपल्याच हाताने पाडत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

पुढच्या महिन्यात कंपनीने भागधारकांकडे ठराव पाठवला. सहा वर्षांहून जुन्या सगळ्या कॉम्प्युटरचं इंटरनेट ठरल्या तारखेला कायमचं बंद करायचं, म्हणजे लोक झक मारत नवे घेतील. मेहुण्याने आणि कॅशियरांनी तिथल्या तिथे फोनवरून 'हो' म्हटलं. घड्याळजींनी दोन दिवस ठराव वाचला. तिसऱ्या दुपारी ते माझ्यासमोर बसले. बाजूला काकू गुडघा चोळत होत्या. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माफ कर रे," म्हणाले, आणि माझ्याच माऊसने 'हो' दाबलं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मला अडकून बसावंसं वाटलं. पण ते मला जमत नाही. त्यांचं मत मी क्षणात पोचवलं.

ठराव मंजूर झाला, शेअर चढला, घड्याळजींनी विकून टाकला. डॉक्टरांना त्यांनी विचारून पाहिलं, "बदलायलाच हवा? दुरुस्त नाही होणार?" काकू म्हणाल्या, "माझा गुडघा म्हणजे घड्याळ नव्हे."

काल काकू काठीशिवाय दुकानात आल्या. मी मनापासून सुखावलो आणि माझा राग अर्धा गेला. उरलेला अर्धा मेहुण्यासाठी राखून ठेवलाय, कारण माझ्या जागेवर नवा कॉम्प्युटर तोच घेऊन आलाय.

घड्याळजींनी नवा कॉम्प्युटर पालथा घातला, भिंग लावलं, चारही बाजूंनी फिरवला. स्क्रू एकही नाही. सगळं चिकटवलेलं. बराच वेळ ते स्क्रूड्रायव्हर हातात धरून बसले, मग नव्याला बाजूला ठेवून त्यांनी माझा पडदा पुसला.

उद्या ती तारीख. घड्याळजी, मला भंगारात देऊ नका. इंटरनेट गेलं तरी माझ्या पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ चालतं, आणि दुकान घड्याळांचंच आहे.