नखाएवढी ढील

डोंगरापलीकडच्या छापखान्यात आज दुपारपर्यंत रुजू झालं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. नोकरीबरोबर राहायला खोलीही होती. घरी यायचं ते रविवारी. आणि नेमकी मोटरसायकल चढाला लागली की दगा देत होती. इंजिन बोंब मारायचं, चाक मात्र ढिम्म पुढे सरायचं नाही.

"क्लचच्या प्लेटा गेल्या," बाबांनी खाटेवरूनच निदान केलं. सारी हयात गॅरेजात घालवलेला माणूस. त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप? "जुनं मॉडेल, प्लेटा मिळायच्या नाहीत. घरात बसा गुपचूप, ठमाबाई."

ठमाबाई म्हणजे त्यांची लेक, चाळिशी ओलांडलेली, त्याच गॅरेजात वाढलेली. तिनं ऑइल काढलं, क्लचचं कव्हर उघडलं. प्लेटा जाडजूड. ना काळ्या पडलेल्या, ना जळका वास. आजारपणाचं सोंग डॉक्टरनं ओळखावं तशी ती हुंकारली. सगळं परत बसवून हँडलकडे वळली. लिव्हर ताठ! दाबायच्या आधी तिला नखाएवढी तरी ढील लागते. ती नसली की क्लच सदाचा अर्धवट दाबलेला, आणि इंजिनाचा जोर वाटेतच घसरतो.

केबलच्या नटाचे कोपरे पकडीनं चावले होते. नटाला पकड लावली म्हणून बाबांनी किती कारागीर हाकलले होते! पण हल्ली त्यांच्या बोटांत पाना ठरत नव्हता.

म्हणजे केबल ताणणारे बाबाच. तिला राग आला. भांडून उपयोग नव्हता; भांडणात म्हातारा कुणाला हार जात नसे. तिनं पाना त्यांच्या हातात ठेवला.

"तुम्हीच लावून द्या, बाबा."

"मला दिसत नाही."

"काल कसं दिसलं?"

बाबा उठले. तिनं त्यांचं मनगट धरलं, त्यांनी नट फिरवला. पाठीमागे काय वाटेल ते केलं असेल. समोर कोणी बघत असताना खोटं काम त्यांच्या हातून होईना. लिव्हर हलवून पाहिली, पुन्हा किंचित सैल केली.

"आता ओढेल," गिऱ्हाइकाला सांगावं तसं ते म्हणाले.

तिनं बॅग बांधली, किक मारली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला. तेवढ्यात बाबांचा हात लिव्हरवर, तिच्या बोटांवर आला.

"गोळ्या कुठं ठेवल्यास?"

"रोजच्याच डब्यात."

"आणि रात्रीचं जेवण?"

"शेजारच्या काकू आणून देतील. चार वेळा सांगितलं."

विचारण्यासारखं काही उरलं नाही. हात मात्र निघेना. इंजिन धडधडत होतं, गाडी गिअरमध्ये होती, आणि दोघं जागच्या जागी.

"बाबा, सोडा."

बोटं आणखी आवळली.

"आणि हळू सोडा. नाहीतर बंद पडेल."

बाबांनी समजल्यासारखी मान डोलावली. सोडलं मात्र नाही.