चोवीसपैकी चोवीस

हेमांगी गुप्तेने १०६६ हे साल पाठ केलं, त्याच दिवशी दुपारी साडेतीनला एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, की हेस्टिंग्जच्या लढाईच्या दिवशी ती टेकडीच्या कोणत्या बाजूला होती.

ती नुकतीच कामावरून आली होती. इंग्लंडमधल्या डर्बीत एका प्राथमिक शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायचं तिचं काम. त्याआधी पेणला अकरा वर्षं तिने आठवीला इतिहास शिकवला होता, पण तो इथे कोणी विचारत नसे. चौदा तारखेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते आणि पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं होतं.

"मी तिथे नव्हते," ती म्हणाली.

"पण आपल्याला साल माहीत आहे."

"पुस्तकात आहे."

"महिनाही माहीत आहे."

"ऑक्टोबर," तिच्या तोंडून निघून गेलं.

गृहस्थांनी ते वहीत टिपून घेतलं. त्यांचं नाव प्रिचर्ड. मराठी ते स्वच्छ बोलत, फक्त 'ळ' आला की क्षणभर थांबत आणि अंधारात पायरी उतरावी तसे त्याच्यावरून उतरत. त्यांनी दारामागच्या चपलांकडे बोट दाखवलं. हेमांगीच्या काळ्या चपलांना टाचेपासून अंगठ्यापर्यंत पिवळट चिखल लागला होता. तो अजून ओला होता. आठ दिवसांत डर्बीत पाऊस नव्हता. प्रिचर्डनी खिशातून चमचा काढला, चिखल खरवडून कागदी पाकिटात भरला, पाकिटावर १०६६ लिहिलं आणि चहा न घेता ते गेले.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. विद्याधर गुप्ते बूट काढत होता.

"येतात ते," तो म्हणाला. "अभ्यास चालू आहे म्हटल्यावर येणारच."

"तुमच्याकडे आले होते?"

"आले असतील."

त्याने ही परीक्षा नऊ वर्षांपूर्वी दिली होती. त्याच्याकडे काळपट लाल ब्रिटिश पासपोर्ट होता आणि विमानतळावर तो वेगळ्या रांगेतून दोन मिनिटांत बाहेर पडे. गेल्या वेळी हेमांगीला मात्र बाजूला घेऊन दोन तास बसवून ठेवलं होतं आणि काचेपलीकडे विद्याधर दोन्ही बॅगा धरून उभा होता. मार्चअखेर तिच्या राहण्याच्या परवानगीची मुदत संपत होती.

"ट्रफाल्गरची लढाई कधी झाली हो?" तिने सहज विचारलं.

"तिथे लढाई झाली होती?" विद्याधर म्हणाला. "मला वाटलं, नुसता चौक आहे."

तो थट्टा करत नव्हता. पास झालेल्या माणसाला एकही साल आठवू नये, हे हेमांगीच्या मनात कुठेतरी अडकून राहिलं.

पुढच्या दिवसांत ती जे साल शिके, त्याची चौकशी दुपारी साडेतीनला येई. १३४८ ची काळी साथ तिने बुधवारी वाचली. देशातली एक तृतीयांश माणसं मेली, असं पुस्तकात होतं.

"मग आपण कशा वाचलात?" प्रिचर्डनी विचारलं.

"मी जन्मलेच नव्हते."

"हे बरेच जण सांगतात." त्यांनी बेडरूममध्ये जाऊन पलंगाखाली वाकून पाहिलं. पलंगाखाली सतरा जोडे होते. लहान, मोठे, चामड्याचे, आणि सगळे उजव्या पायाचे. हेमांगीने सकाळीच तिथे झाडू फिरवला होता. प्रिचर्डनी एकेक जोडा मोजला, आणि मोजताना ते हळू आवाजात एकेक नाव घेत होते.

१५८८ च्या दिवशी प्रेशर कुकरमध्ये खारं पाणी आणि बोटभर लांबीचा मासा निघाला. स्पॅनिश आरमार किनाऱ्यावरून दिसलं तेव्हा दीपमाळेसारखे जाळ पेटवण्यात आले होते, त्यातला एक वेळेवर पेटला नव्हता. तो कोणाकडे होता, एवढंच प्रिचर्डना हवं होतं.

हेमांगीला आता नवऱ्याचा संशय येऊ लागला. घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. तो निघताना ती खिडकीत उभी राही, परत येताना त्याचे हात बघे. एका सकाळी त्याच्या नखात काहीतरी काळं दिसलं.

"काय आहे ते?"

"सायकलची चेन," विद्याधर म्हणाला आणि हात खिशात घातला.

तिने ठरवलं, एकदा सोक्षमोक्ष लावायचा. शनिवारी सकाळी तिने पोळ्यांच्या कणकेचा डबा घेतला, झाकणावर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली, पट्टीवर आडवी सही केली आणि डबा शेजारच्या डोरीनबाईंकडे नेऊन ठेवला. डोरीनबाई सत्तरीच्या, एकट्या, शाळेतल्या जुन्या स्वयंपाकीण. नोकरीही त्यांनीच हेमांगीला लावून दिली होती.

"यावरून नजर हलवू नका," हेमांगी म्हणाली.

"नाही हलवत. कोडं सोडवत इथेच बसते."

हेमांगी घरी आली, दार आतून लावलं आणि १६६६ वाचायला बसली. लंडनची मोठी आग. दोन सप्टेंबर. एका पाववाल्याच्या दुकानातून सुरुवात. चार दिवस. तिने डोळे मिटून तीनदा म्हटलं आणि मग शेजारी गेली.

डबा जागच्या जागी होता. सही जशीच्या तशी. तिने चिकटपट्टी सोलून झाकण काढलं. आत काठोकाठ राख होती. तिने बोट खुपसलं आणि लगेच मागे घेतलं, कारण राख अजून गरम होती.

म्हणजे नवरा नव्हता. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटेना.

"कोणी आलं होतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही." डोरीनबाई चष्मा पुसत होत्या. "हेमा, तुला आधीच सांगायला हवं होतं. मला त्यांनी विचारलं होतं. मी जे पाहिलं तेवढंच सांगितलं."

"काय पाहिलंत?"

"तू पळत होतीस. हातात रिकामी बादली होती."

"आगीकडे की आगीपासून लांब?"

डोरीनबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते मी त्यांना सांगितलंय," त्या म्हणाल्या. "कागदावर सही केल्यानंतर तुझ्याशी बोलायची मला परवानगी नाही." आणि त्यांनी उठून हेमांगीसाठी दार उघडलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी असं दार उघडून दिलं नव्हतं.

साडेतीनला प्रिचर्ड आले. राख पाकिटात भरून झाल्यावर हेमांगीने त्यांना बसा म्हटलं. ती आधीच विचार करून बसली होती.

"तुम्हाला आमचं कोणीतरी कुठेतरी हवंच असेल, तर मी सांगते," ती म्हणाली. "माझे आजोबा १९४२ साली येरवड्याच्या तुरुंगात होते. चौदा महिने. तुमच्याच राज्याने ठेवले होते. त्यांचा नंबर मला पाठ आहे. त्याची चौकशी करा."

प्रिचर्डनी फाईल उघडली. पानं एकेक करून, बोटाला थुंकी लावून, बराच वेळ उलटली. एका पानावर थांबले, मान तिरकी करून वाचलं.

"हे प्रकरण आमच्याकडे १९४७ मध्ये एका ओळीत आहे," ते म्हणाले. "या ओळीत कोणीही नव्हतं."

"माझे आजोबा होते."

"आपल्याकडे त्यांचं काही आहे? चिखल, जोडा, काहीही?"

काहीच नव्हतं. त्या सालासाठी तिच्या घरात कधी काही निघालं नव्हतं. प्रिचर्डनी फाईल मिटली आणि पहिल्यांदाच थोडं वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. "चौदा तारखेला भेटू," ते म्हणाले.

ते गेल्यावर हेमांगीने माळ्यावरून विद्याधरचं जुनं पुस्तक शोधून काढलं. त्याने ज्यातून अभ्यास केला होता तेच. प्रत्येक सालासमोर समासात त्याच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: नव्हतो. नव्हतो. नव्हतो. मग साठाव्या पानापासून 'नव्हतो' खोडून 'होतो' केलेलं. शेवटच्या पानांवर नुसतं 'होतो' होतं, आणि पेन्सील इतकी दाबलेली की कागद फाटला होता.

तिने ते पुस्तक जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. विद्याधरने आमटीत पोळी बुडवली, खाल्ली, मग म्हणाला, "मी तुला सांगणार होतो."

"कधी?"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी. आधी सांगितलं तर माणूस अभ्यास सोडतो." तो पाणी प्यायला. "हे बघ, सोपं असतं. चोवीस प्रश्न असतात. अठरा बरोबर लागतात. अठरा कबूल करायचे, सहा मुद्दाम चुकवायचे. सहा चुकले की त्यांना बरं वाटतं. माणूस नवा आहे असं वाटतं. मग ते फाईल बंद करतात आणि पाकिटं घेऊन जातात."

"तुम्ही काय कबूल केलंत?"

"एक लढाई. थोडी साथ. एका राजाचं डोकं उडवलं तेव्हा मी दोर धरला होता, असं काहीतरी."

"आणि खरंच होतात तिथे?"

"कबूल केल्यावर होतो. आता आठवत नाही. त्यांनी सगळं नेलं. नेताना थोडं इकडचंतिकडचंही जातं. माझी मुंज कुठे झाली ते मला सांगता येत नाही. आईला विचारायला हवं होतं, राहून गेलं."

सोळा वर्षांचा संसार. हेमांगीला वाटायचं, माणूस मितभाषी आहे.

"आपलं लग्न कुठे झालं?" तिने विचारलं.

विद्याधरने ताट थोडं पुढे सरकवलं. "सहा चुकव, हेमा," तो म्हणाला. "माझ्यासाठी म्हणून चुकव."

चौदा तारखेला सकाळी दहाला ती परीक्षाकेंद्रात पोचली. विद्याधर सोबत होता, त्याला काचेबाहेरच्या बाकावर बसवलं. आत लांबट खोलीत एकेका टेबलावर एकेक संगणक होता. दारातल्या कारकुनाने तिचे खिसे, बाह्या आणि कानामागची जागा तपासली, आणि पंचेचाळीस मिनिटं आहेत असं सांगितलं.

पहिला प्रश्न हेस्टिंग्जचा आला. चार पर्याय. हाच चुकवू, असं ठरवून तिने पडद्यावरचा बाण १०७७ वर नेला. बाण तिथे थांबला. तिला पेणचा आठवीचा वर्ग आठवला. पानिपतचं साल चुकवलेल्या वह्यांवर तिने तांबड्या शाईने गोल केले होते, आणि त्याखाली लिहिलं होतं, अंदाज नको. अकरा वर्षं तेच लिहिलं होतं. येत असलेलं उत्तर चुकीचं द्यायचं, हे तिच्या हाताला कधी शिकवलंच नव्हतं. बाण सरकला आणि १०६६ वर दाबला गेला.

पुढचा चुकवू, तिने ठरवलं. पुढचा १२१५ च्या सनदेचा होता.

प्रत्येक वेळी ती खोट्या उत्तरावर जाई आणि प्रत्येक वेळी हात खऱ्यावर येई. शेवटचे सहा प्रश्न उरले. तिने उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हाताने दाबायला गेली. डाव्या हातालाही सगळं येत होतं. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. तिने मान वर केली तेव्हा बाकीची टेबलं रिकामी होती, खुर्च्या आत सरकवलेल्या होत्या.

कारकुनाने तिचा पडदा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"चोवीसपैकी चोवीस," तो हळू म्हणाला.

"म्हणजे पास ना?"

"पास तर आहातच." त्याने फोन उचलून ठेवून दिला. "इथे अकरा वर्षं काम करतोय. चोवीस कोणाला मिळत नाहीत. वाचून नाही मिळत."

काचेबाहेर विद्याधर उठून उभा होता. प्रिचर्ड त्याच्यासमोर कागद धरून होते आणि तो त्यावर कुठे सही करायची ते विचारत होता. हेमांगीने काचेवर टकटक केलं. त्याने मान वर केली, अनोळखी बाईकडे बघावं तसं सभ्यपणे बघितलं, आणि सही केली.

तिला पुढच्या खोलीत नेलं. खोली अरुंद होती आणि भिंतीला टेकून सहा बायका उभ्या होत्या, साधारण तिच्याच वयाच्या, तिच्यासारखाच करडा कोट घातलेल्या. ओळखपरेड असते तशी. हेमांगीला चौथ्या आणि पाचव्या बाईच्या मधे उभं केलं. चौथी बाई ओठ न हलवता पुटपुटली, "किती?"

"चोवीस."

"मलाही," ती म्हणाली.

प्रिचर्ड आत आले. त्यांनी पाकिटं एका टेबलावर सालाप्रमाणे मांडली, एक खुर्ची बाजूला केली आणि समोरचं दार उघडून धरलं. "सावकाश बघा," ते बाहेर कोणाला तरी म्हणाले. "घाई नाही."

एक म्हातारी आत आली. अंगावर जाड, धुरकटलेली घोंगडी, भुवया जळालेल्या. छातीशी तिने काहीतरी गुंडाळून धरलं होतं आणि दोन्ही हात त्याच्याभोवती इतके आखडले होते, की ते आता उलगडत नसावेत. ती रांगेच्या टोकापासून निघाली. पहिल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून पुढे सरकली. दुसरी. तिसरी. चौथीपाशी थोडी थांबली, तिचा वास घेतला आणि मान हलवली. मग ती हेमांगीसमोर आली.

"आलेच म्हणालीस," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पाणी घेऊन आलेच म्हणालीस. फार वेळ धरलं मी."

"मी नव्हते तिथे," हेमांगी म्हणाली.

म्हातारीने आखडलेले हात हळूहळू सोडवले आणि गुंडाळी तिच्याकडे दिली. ती ऊबदार होती, आणि आत काहीतरी हललं. हेमांगीचा डावा हात आपणहून त्याच्या मानेखाली गेला.