याकोबचे हात

"याकोब कुठंय?" पलंगाच्या कडेला घसरलेल्या पेटरकाकांनी विचारलं.

इर्मा त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढत होती. काकांचं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं. अंथरुणाला खिळले तरी देह जडच.

"येतोय, काका. मीटिंगला गेलाय."

"रोज हेच सांगतेस. मोठा माणूस झाला बाई तुझा नवरा!" म्हातारा हसला आणि तिच्या हातून निसटून फरशीवर पडला.

कझाकस्तानातल्या कारागांडा शहरात त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत जो अंथरुणाला लागेल, त्याच्याकडे ही दोघं लग्न झाल्यापासून जात आलेली. तो उचलायचा, ती अंग पुसायची. गेल्या हिवाळ्यात याकोबला मंडळीचा मुख्य वडील, म्हणजे प्रमुख, निवडलं. मग नव्या प्रार्थनाघराच्या जागेसाठी अधिकाऱ्यांच्या भेटी, जेवणावळी, नवा कोट. इर्मा एकटी जाऊ लागली.

त्या पडण्यातून पेटरकाका उठले नाहीत. आठवड्याच्या आत गेले.

दफनाच्या दिवशी पहिल्या रांगेत जिल्ह्याचे साहेब बसले होते. याकोब प्रभूच्या अखेरच्या भोजनावर बोलला. धनी असूनही कमरेला रुमाल बांधून प्रभूनं शिष्यांचे पाय कसे धुतले, हे सांगताना त्यानं डोळे पुसले. बायकांनी डोक्यावरच्या रुमालांची टोकं डोळ्यांना लावली. इर्माला मात्र रडू येईना.

घरी येऊन त्यानं कोट खुंटीला लावला. "कसं झालं?"

"छान बोललास." ती म्हणाली. "पडले तेव्हा काकांनी तुझंच नाव काढलं होतं."

"हो ना गं. म्हणून तर इतकं आतून आलं."

ती बघतच राहिली. वाईट याचं वाटलं, की तो खोटं बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आगाथामावशीकडे गेली. मावशीला दिसत नव्हतं. अंगावर मांसही उरलं नव्हतं. इर्मानं दात आवळून एकटीनंच तिला उचललं आणि टबात बसवलं.

"याकोब, बाळा," उचलणारा तोच असं समजून मावशी टबातून म्हणाली, "आज बोलत का नाहीस रे?"

इर्मानं कोमट पाणी तिच्या पाठीवर सोडलं.

"घसा बसलाय त्याचा, मावशी. काल फार बोलला."

"बोलू नको हो मग. प्रभू तुझे हात असेच राखो." मावशीनं ओला हात चाचपत पुढे केला आणि सापडलेल्या बोटांचा मुका घेतला.

इर्मानं हात सोडवून घेतला नाही.