मावशीनं दिलेलं उत्तर

खोटं मी बोललेच नव्हते. बोलली माझी मावशी. मी फक्त पोह्यांच्या बशा पुढे करत होते आणि मान खाली घालण्याचं काम चोख बजावत होते. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलीनंच द्यावं, असं आमच्या पुण्याच्या घरात १९९७ सालीही कुणाच्या मनात आलं नव्हतं. आणि निशिकांतनी, म्हणजे ज्यांना मी पुढे अठ्ठावीस वर्षं ‘अहो’ म्हणत आले त्यांनी, अख्ख्या तासाभरात एकच प्रश्न विचारला.

“सायकल चालवता का?”

“चालवते म्हणजे काय! रोज कॉलेजला सायकलनंच जाते. फार आवड तिला,” मावशी म्हणाली.

मी कॉलेजला बसनं जायचे. घरात सायकल एकच, ती दादाची, आणि तो तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही. पण पुण्यात वाढून सायकल न येणारी मुलगी म्हणजे जरा संशयास्पद प्रकरण, म्हणून मावशीनं वेळ मारून नेली. लग्न झालं. आम्ही भांडुपला चौथ्या मजल्यावर राहायला गेलो, तिथे लिफ्ट नव्हती, त्यामुळे सायकलीचा विषय निघाला नाही. मग सिंगापूर, गार्गीचा जन्म, तिची शाळा, निशिकांतची तांजोंग पगारमधली बँकेची नोकरी. मला वाटलं, सुटले.

यंदाच्या एप्रिलमध्ये एका शनिवारी दुपारी जेवताना त्यांनी वरणभाताच्या ताटाशेजारी एक नकाशा पसरला.

“आल्प्समधली दरी आहे,” ते म्हणाले. “नदीच्या काठाकाठानं फक्त सायकलींसाठी बांधलेला रस्ता. सहा दिवस, रोज साधारण चाळीस किलोमीटर. मोटार नाही, ट्रक नाही, हॉर्न नाही. दोन्हीकडे सफरचंदाच्या बागा. सामान व्हॅननं पुढच्या मुक्कामाला जातं. आणि चढ जवळजवळ नाहीच, नदी उतरते तसं आपणही उतरायचं. सप्टेंबरचं दोघांचं बुकिंग केलंय.”

“सहा दिवस?” मी विचारलं.

“तुला काय अवघड आहे? तुझी तर रोजची सवय होती,” असं म्हणून त्यांनी ताक मागितलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण हा माणूस प्रमोशन मिळालं तरी ‘बरं झालं’ इतकंच म्हणणारा, आणि त्या दुपारी त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला धीरच झाला नाही. शिवाय दुसरी भीती होती, ती जास्त खोल होती. ज्या एका प्रश्नाचं उत्तर ऐकून यांनी मला होकार दिला, तेच खोटं निघालं, तर बाकीच्या अठ्ठावीस वर्षांबद्दल त्यांना काय वाटेल? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ताक आणायला उठले.

गार्गीला मात्र सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात काही राहत नाही.

“सो यू लाइड टू गेट मॅरीड? अलामाक!” ती किंचाळली. अलामाक म्हणजे इथलं ‘अगं बाई’. युनिव्हर्सिटीत शिकते, पण किंचाळताना अजून आठ वर्षांची होते.

“मी नाही. मावशी.”

“सेम सेम, लाह. जस्ट टेल हिम, आई.”

हिला काय जातंय सांगायला! शेवटी माझा चेहरा बघून तिला दया आली आणि तिनं मला आमच्याच इमारतीतल्या दहाव्या मजल्यावरच्या गेक लान आँटीकडे नेलं. आँटी एकोणसत्तर वर्षांच्या. रोज सकाळी सायकलच्या पुढच्या टोपलीत मासे आणि पालेभाजी घालून बाजारातून येतात आणि लिफ्टमध्ये सगळ्यांना त्या माशांचा वास देतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “हौ मेनी मन्थ्स?”

“पाच,” मी म्हणाले.

“कॅन,” म्हणजे जमेल, असं आँटी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी निशिकांत ऑफिसला जायला मेट्रोकडे वळले की नाही, आम्ही दोघी नदीकाठच्या पार्क कनेक्टरवर, म्हणजे चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या वाटेवर, हजर. आँटींनी पाना काढून सायकलीचे दोन्ही पायडल उतरवून स्वतःच्या पिशवीत टाकले. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

“पायडल लेटर. फर्स्ट सिट अँड वॉक. बेबी लाइक दॅट.”

सीट पार खाली केलेली. त्यावर बसायचं आणि जमिनीला पाय मारत पुढे जायचं. बावन्नाव्या वर्षी, पंजाबी ड्रेसवर हेल्मेट घालून, मी तीन आठवडे अशी फरफटत होते. जॉगिंग करणारे लोक सभ्यपणे नदीकडे बघत. फक्त एका आजोबांनी थांबून टाळ्या वाजवल्या, त्यांचा मला अजून राग आहे.

पायडल लागल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. जूनमध्ये एकदा वाटेच्या मधोमध एक भली मोठी घोरपड ऊन खात पडली होती. मी घंटी वाजवली. ती हलली नाही. मी पुन्हा वाजवली. तिनं जीभ काढून दाखवली. मी घाबरून नुसता पुढचा ब्रेक दाबला आणि थेट झुडपात गेले. गुडघा फुटला. घरी सांगितलं की बाजारातल्या ओल्या फरशीवर घसरले. त्या एका जुन्या खोट्याला आता रोज नवीन भावंडं होत होती. निशिकांतनी गुडघ्यावर स्वतः मलम लावलं, वर म्हणाले, “जप. सप्टेंबरला हाच गुडघा लागणार आहे.” मला इतकं अपराधी वाटलं की त्या दिवशी मी त्यांच्यासाठी साटोऱ्या केल्या.

पण जुलै आला आणि जमायला लागलं. आधी सरळ जाता येई पण वळता येत नसे. पुलापर्यंत जायचं, उतरायचं, सायकल हातानं फिरवायची आणि पुन्हा बसून परत यायचं. मग वळणंही आली. नदीवरचा वारा तोंडावर घेत, कुणाच्याही आधाराशिवाय स्वतःच्या पायांनी पुढे जायचं, यात काय सुख असतं ते मला या वयात कळलं. आणि दादाचा मनापासून संताप आला. एवढं सुख त्यानं एकट्यानं घेतलं!

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी निशिकांत म्हणाले, “चल, ईस्ट कोस्टला भाड्यानं सायकली घेऊन बघू. जायच्या आधी जरा सराव.”

 सकाळी आठ वाजता समुद्राकाठी मी सायकलवर टांग मारली आणि निघाले. डळमळले नाही. पोरं, कुत्री, स्केट्सवाले, सगळ्यांना चुकवत व्यवस्थित पाच किलोमीटर गेले. निशिकांत मागून येत होते. मी जिंकले होते! मावशीचा शब्द खरा करून दाखवला होता. आता कुणाला काही सांगायची गरजच नव्हती.

आम्ही एका बाकापाशी थांबलो. समुद्रात जहाजं नांगरून उभी होती. निशिकांतनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

“विनीता, एक बोलायचं होतं,” ते म्हणाले. “लग्नानंतर तुझी सायकल सुटली, ती माझ्यामुळे. भांडुपला ठेवायला जागा नव्हती. तू कधी तक्रार केली नाहीस, पण मला फार लागून राहिलं होतं.”

“अहो, काहीतरीच.”

“खरं सांगतो. मी लग्नाआधी शनिवार-रविवार सायकलनं घाटात जायचो, माहीत आहे तुला? खंडाळा, ताम्हिणी. आमचा सहा जणांचा ग्रुप होता. लग्नानंतर मी माझी सायकल विकून टाकली. म्हटलं, हिची एवढी आवड घरात अडकून पडलेली आणि आपण एकटे फिरायला जायचं, हे काही बरं नाही. इथे आल्यावरही बरोबरचे लोक बोलवायचे, मी कधी गेलो नाही. म्हटलं, जाऊ तेव्हा दोघं मिळूनच जाऊ. म्हणून ती दरी.”

मला माहीत नव्हतं. सायकल विकली हेही नाही आणि का विकली हेही नाही. मावशीनं एका वाक्यात निभावून नेलं, मी गप्प बसून निभावलं, आणि ते सगळं इतकी वर्षं हा माणूस एकटा फेडत होता. झाकल्या मुठीत सव्वा लाख नव्हते, यांची सायकल होती. मला रडू फुटलं.

“मला सायकल येत नव्हती,” मी म्हणाले. “कधीच नाही. मावशी खोटं बोलली आणि मी गप्प बसले. एप्रिलपासून गेक लान आँटींकडे शिकतेय. गुडघाही बाजारात नाही, सायकलवरून पडून फुटला. चुकलंच माझं.”

निशिकांत माझ्याकडे वळले. 

“म्हणजे मी सायकल सोडली,” ते सावकाश म्हणाले, “ती तुझ्या नसलेल्या आवडीसाठी?”

मी मान हलवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि तो रागानं की कशानं, अठ्ठावीस वर्षं संसार करूनही मला सांगता येईना.

“तू इथेच बस,” ते म्हणाले. “मी आलोच.”

ते उठले, सायकलवर बसले आणि निघाले. थोडं पुढे जाऊन सीटवरून उठले, उभे राहून पायडल मारायला लागले, आणि मग असे सुटले की मी बघतच राहिले. छप्पन्न वर्षांचा, बीपीची गोळी घेणारा माणूस! पोरासोरांना मागे टाकत, वळणावर अंग झोकून देत ते झाडांआड दिसेनासे झाले. मी हाक मारली नाही. हा माणूस असा होता आणि मी त्याला आज पहिल्यांदा बघत होते. मला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता.

पाऊण तासानं ते परत आले. शर्ट अंगाला चिकटलेला, श्वास लागलेला, आणि तोंडभर हसू.

“पाय गेले माझे,” ते बाकावर कोसळत म्हणाले. “चांगीच्या बाजूला पार टोकापर्यंत गेलो होतो.”

“रागावलात?”

“जाताना रागावलो होतो. येताना विसरलो.”

“सप्टेंबरला तुम्ही असेच पुढे जा,” मी म्हणाले. “मी येईन मागून माझ्या वेगानं. आता मला येते सायकल, काळजी करू नका.”

“अजिबात नाही. त्या रस्त्यावर गाड्या नसतात म्हणून तर तो निवडला,” ते म्हणाले. “तिथे दोन सायकली शेजारी शेजारी चालवता येतात. गप्पा मारत जायचं.”

मग त्यांनी माझी पाण्याची बाटली घेतली आणि एका दमात रिकामी केली.